खिडकी उघडते का?

गेल्या मे महिन्यात मी आमच्या शहरातल्या एका नव्याकोऱ्या संग्रहालयात होतो, आणि वीज गेली. काचेच्या भिंतींमागे दहा मिनिटांत आम्ही सगळे उकडून निघालो. उघडायला एकही खिडकी नव्हती. शेवटी रखवालदाराने सगळ्यांना बाहेर काढलं. बाहेर कडुनिंबाखाली मस्त वारा होता! झाडाला जे जमतं, ते एवढ्या खर्चाच्या इमारतीला का जमू नये?

जमतं. अहमदाबादला साबरमती आश्रमात जाऊन बघा. तिथलं गांधी स्मारक संग्रहालय चार्ल्स कोरिया यांनी तिशीच्या उंबरठ्यावर असताना रचलं; १९६३मध्ये नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. सहा बाय सहा मीटरचे चौरस, विटांचे खांब, वर कौलं. खिडक्यांना काच नाहीच, लाकडी पट्ट्यांच्या झडपा आहेत. छपरावरचं पाणी काँक्रीटच्या पन्हळींतून वाहून जातं आणि याच पन्हळी तुळयांचंही काम करतात. मध्ये पाण्याचा चौक. काही चौरस भिंतींनी बंद, काही मोकळे. त्यामुळे पत्रं-फोटो बघताना मधेच झाड दिसतं, मधेच आभाळ. गांधींच्या साधेपणाबद्दल वेगळा फलक लावायची गरजच उरत नाही.

आता कुणी म्हणेल, जुने कागद दमट हवेत खराब होतात, रंग उन्हात विटतात, एसी हवाच. हवाच! पण तो वस्तूंना. येण्याजाण्याच्या वाटांना, चौकांना, बसायच्या जागांना कशाला? अबू धाबीच्या लूव्रमध्ये ज्याँ नूव्हेल यांनी नेमकी हीच विभागणी केली. वस्तू बंद, थंड दालनांत. त्यांच्यावर १८० मीटर व्यासाचा जाळीदार घुमट, त्यातून झिरपणारे उन्हाचे कवडसे आणि दालनांच्या मधे शिरलेलं समुद्राचं पाणी. माणसं सावलीत फिरतात. तो तेलाच्या पैशाचा खेळ आहे, मान्य. पण कोरियांकडे तर विटा आणि कौलंच होती.

म्हणजे अडचण पैशाची नाही, सवयीची आहे. काच म्हणजे प्रगती, हे आपण ठरवून टाकलंय, आणि त्याचं वीजबिल आपल्याच करातून जातं.

पुढच्या वेळी तुमच्या गावातल्या नव्या संग्रहालयाचं चकचकीत चित्र मोबाइलवर आलं, तर लाइक करण्याआधी तीन प्रश्न विचारा. छपरावरचं पाणी कुठे जाणार? दुपारचं ऊन कोण अडवणार? आणि वीज गेली तर खिडकी उघडते का?