कलाशाळेला रसायनाचा प्राध्यापक हवा

आज राष्ट्रीय विज्ञान दिन. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी के. एस. कृष्णन यांच्या साथीने प्रकाशाच्या विकिरणाचा जो शोध लावला, त्याच्या स्मरणार्थ १९८७ पासून देशभर हा दिवस साजरा होतो. शाळांत प्रदर्शने भरतात, विद्यापीठांत परिसंवाद होतात, रामन यांच्या तसबिरीला हार पडतो. या शोधाची एक कामगिरी मात्र अशा कार्यक्रमांत क्वचितच सांगितली जाते. रामन यांचे नाव लावलेले तंत्र आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत रोज कामाला येते. चित्रातला पिवळा कोणत्या धातूचा, पोथीतला निळा दगडाचा की झाडाचा, हे ते चित्राला धक्का न लावता सांगते. भारतीय शास्त्रज्ञाच्या शोधाने कला आणि रसायन यांच्यात असा रस्ता बांधून दिला. त्या रस्त्यावर आपल्या विद्यापीठांची वर्दळ मात्र अगदीच तुरळक आहे. म्हणून विज्ञान दिनाच्या व्यासपीठावर रसायनाच्या प्राध्यापकाशेजारी चित्रकाराची खुर्ची मांडली जावी आणि ती एका दिवसानंतर उचलली जाऊ नये, असे आम्हाला आग्रहाने म्हणायचे आहे.

तंत्राचे मर्म समजायला अवघड नाही. पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाशझोत टाकला की बहुतेक प्रकाश आहे तसाच विखुरतो. त्यातला अत्यल्प अंश मात्र पदार्थातल्या रेणूंच्या कंपनांशी ऊर्जेची देवघेव करून किंचित बदललेल्या रंगाने बाहेर पडतो. हा बदल प्रत्येक पदार्थाचा स्वतःचा असतो. हिंगूळ, शेंदूर आणि गेरू हे तिन्ही लालसर दिसले, तरी रामन वर्णपटात तिघांच्या रेषा वेगवेगळ्या उमटतात. लेझर आणि सूक्ष्मदर्शक यांची जोड मिळाल्यावर केसाहून बारीक रंगकणाचीही अशी ओळख पटवता येऊ लागली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील रसायनाचे प्राध्यापक रॉबिन क्लार्क यांनी हे तंत्र हस्तलिखितांकडे वळवले. इसवी सन ७००च्या सुमाराच्या लिंडिस्फार्न गॉस्पेल्स या ख्रिस्ती ग्रंथातला निळा रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा आहे, असे कलेतिहासकार दीर्घकाळ मानत आले होते. क्लार्क यांच्या तपासणीत लाजवर्द आढळलाच नाही. तो रंग नीळ निघाला. त्यासरशी इतक्या दूरच्या व्यापाराबद्दल रचलेले तर्क पुन्हा तपासावे लागले. कोलंबसाच्या आधीचा म्हणून गाजलेल्या व्हिनलंड नकाशाच्या पिवळट रेघांत २००२ साली त्यांना टायटॅनियम डायऑक्साइडचे असे रूप सापडले, जे शाईत विसाव्या शतकाआधी येण्याचा संभव नव्हता. पुढे २०२१ मध्ये, तो नकाशा ज्यांच्या ताब्यात आहे त्या येल विद्यापीठानेही तो बनावट असल्याचे जाहीर केले. इतिहासाच्या वादात रसायनाच्या प्राध्यापकाने साक्ष द्यावी आणि ती मानली जावी, याचे हे ठळक उदाहरण.

अशा साक्षीची परंपरा जुनी आहे. पॅरिसच्या गोबेलँ या गालिचे-पडदे विणणाऱ्या शाही कारखान्यात १८२४ साली मिशेल यूजेन शेव्रल हे रसायनज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख झाले. काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही, अशी तिथे तक्रार होती. शेव्रल यांनी धागा तपासला, तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे डोळ्याला काळा फिका भासत होता. रसायनज्ञाला उत्तर हंड्यात सापडले नाही, ते विणकराच्या मागावर सापडले. या अभ्यासातून १८३९ मध्ये रंगांच्या परस्परविरोधावरचा त्यांचा ग्रंथ आला आणि पुढे सरा यांच्यासारख्या चित्रकारांनी त्याचा आधार घेतला. कलेने रसायनाला प्रश्न दिला, रसायनाने कलेला नवी दृष्टी दिली.

लंडनमध्ये तर चित्रकार स्वतः तक्रार घेऊन विद्वानांच्या सभेत गेला. विल्यम होल्मन हंट या नामवंत चित्रकाराने १८८० साली सोसायटी ऑफ आर्ट्सपुढे व्याख्यान दिले. बाजारातले रंग भेसळीचे आहेत, जुन्या कारागिरांना सामग्रीचे जे ज्ञान होते ते आजच्या चित्रकाराला उरलेले नाही, असा त्याचा रोख होता. त्याच काळात आर्थर हर्बर्ट चर्च हे रॉयल अकॅडमीत रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८७९ ते १९११ अशी तब्बल बत्तीस वर्षे त्यांनी ते पद सांभाळले आणि १८९० मध्ये चित्रकारांसाठी रंगांच्या रसायनावर ग्रंथ लिहिला. ज्या संस्थेत मानवी देहाची रचना आणि यथादर्शन शिकवले जाई, तिथेच रंग का टिकतो आणि का विटतो हेही शिकवले जात होते. पुढे १९२८ साली, म्हणजे रामन यांच्या शोधाच्याच वर्षी, हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयाने रदरफोर्ड गेटन्स या रसायनज्ञाला नेमून चित्रांच्या शास्त्रीय अभ्यासाचा स्वतंत्र विभाग उभा केला.

आता आपल्याकडे पाहू. अजिंठ्याच्या भिंती म्हणजे उघड्यावर पडलेले रसायनाचे पुस्तक आहे. बेसॉल्टच्या खडकावर माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ थर आणि मग लाल-पिवळा गेरू, हिरवी माती, काजळी, तर नंतरच्या लेण्यांत लाजवर्दाचा निळा. हे रंग ओल्या चुन्यावर लावलेले नसून कोरड्या पृष्ठभागावर डिंकासारख्या बंधकात कालवून लावले आहेत, हा निष्कर्ष १९३०च्या दशकात मद्रासच्या सरकारी संग्रहालयातले रसायनज्ञ एस. परमशिवन यांनी मांडला. हा भेद केवळ पंडिती नाही. ओल्या चुन्यात मुरलेला रंग भिंतीचाच भाग होतो. बंधकाने चिकटवलेला रंग ओलाव्याने सुटतो, बुरशीला बळी पडतो, चुकीच्या द्रावकाने पुसलाही जातो. जतन कसे करायचे, हे सारे या एका उत्तरावर अवलंबून असते.

हे उत्तर हाती नव्हते तेव्हा काय झाले, तेही अजिंठ्यानेच दाखवले आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांकडून या चित्रांच्या प्रतिकृती करवल्या. ते काम मोलाचे होते. पण चित्रे उठून दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश चढले. पुढे निजाम सरकारने लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सुटू पाहणारा गिलावा भिंतीला धरून ठेवला, त्याबद्दल आपण त्यांचे ऋणीच आहोत. पण वरून दिलेला लाखेचा लेप काळाबरोबर पिवळा-तपकिरी झाला, त्यावर धूळ आणि काजळी बसली आणि मूळचे रंग झाकोळले. तो थर उतरवण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना पुढे अनेक वर्षे खपावे लागले. नियत सर्वांचीच चांगली होती. लाख शंभर वर्षांनी कशी वागेल, हे विचारणारा माणूस त्यांच्यासोबत नव्हता. जे लावाल ते पुढच्या पिढीला इजा न करता काढता आले पाहिजे, हा आजच्या जतनशास्त्राचा पहिला नियम अशाच अनुभवांतून आलेला आहे.

त्याच परिसरात विद्याशाखा एकत्र आल्यावर काय साधते, तेही दिसले. पुरातत्त्व विभागातले रसायनज्ञ मॅनेजर सिंग आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या गिलाव्याचा मिळून अभ्यास केला. त्यांचा निबंध २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. वेरूळच्या मातीत भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत आणि गिलावा कीड व ओलावा यांच्यापुढे टिकून राहण्यात त्यांचा वाटा असावा, असे त्यांनी दाखवून दिले. एकाला गिलावा कळत होता, दुसऱ्याला झाड ओळखता येत होते. दोघे भेटले नसते तर हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांचे हे शहाणपण भिंतीतच राहिले असते.

हा संवाद जुन्या वास्तूंपुरता नाही. व्हॅन गॉगने आवडीने वापरलेला क्रोम पिवळा तपकिरी का पडतो, याचा छडा अँटवर्प विद्यापीठाच्या कोएन यान्सेन्स यांच्या गटाने इतरांच्या सहकार्याने २०११ मध्ये लावला. प्रकाशाने क्रोमियमची रासायनिक अवस्था बदलते आणि पिवळ्याची झळाळी जाते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या आधारे दाखवले. चित्रांवर किती आणि कसला उजेड टाकावा, या निर्णयामागे आज अशा संशोधनाचा आधार असतो. उलट दिशेचे उदाहरण चेन्नईत जन्मलेल्या मास सुब्रमणियन यांचे. अमेरिकेच्या ओरेगन स्टेट विद्यापीठात ते इलेक्ट्रॉनिक्ससाठी नवे पदार्थ शोधत होते. २००९ साली इट्रियम, इंडियम आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडांचे मिश्रण भट्टीत तापवून काढले, तर हाती झगझगीत निळी भुकटी आली. उष्णतेत टिकणारा, उन्हात न उडणारा हा निळा रंग आता चित्रकारांच्या नळ्यांत पोहोचला आहे. सुब्रमणियन तेव्हापासून रसायनज्ञांच्या सभांत बोलले, तसेच कलावंतांपुढेही बोलले.

महाराष्ट्रात अशा व्यासपीठासाठी लागणारे सारे काही आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. तीच आजची माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. रंगद्रव्यांचे जगन्मान्य अभ्यासक के. वेंकटरामन यांनी तिथे पिढ्या घडवल्या आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते पहिले भारतीय संचालक झाले. फोर्टात १८५७ साली स्थापन झालेले जे. जे. आहे. १९३१ साली शाईपासून सुरुवात करून घराघरांत रंगपेट्या पोहोचवणारे दांडेकर बंधू याच शहरातले. माटुंगा आणि फोर्ट यांच्यात लोकलने अर्ध्या तासाचेही अंतर नाही. तरीही दहावीनंतर एक मुलगा विज्ञानाकडे आणि दुसरी मुलगी चित्रकलेकडे जाते, त्यानंतर दोघांची गाठ पडेल असा तास कोणत्याच वेळापत्रकात नसतो.

याचे तोटे रोजचे आहेत. कलाशाळेतला विद्यार्थी कॅडमियम आणि शिशाचे रंग हाताळतो, टर्पेंटाइनच्या वाफेत तासन्‌तास उभा राहतो, छापचित्रासाठी धातूचा पत्रा आम्लात बुडवतो. यांतले काय अंगाला अपायकारक, हे त्याला बहुधा ऐकीव माहितीवरून कळते. गणेशमूर्तींचा रंग विसर्जनानंतर पाण्यात काय सोडतो, हा प्रश्न दर भाद्रपदात पेटतो. पण पेणच्या कारखानदाराला परवडेल, मूर्तीला शोभेल आणि पाण्याला सोसेल असा रंग त्याच्याबरोबर बसून घडवणारा अभ्यासक्रम कुठे आहे? रंग किती दिवसांत उडतो याची परीक्षा रसेल आणि ॲब्नी यांनी १८८८ मध्ये जलरंगांवर केली, ती इंग्लंडच्या उन्हात. कोकणातल्या पावसाळ्यात आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात आपले रंग कसे वागतात, हे तपासण्याचे काम आपल्याच विद्यार्थ्यांचे आहे. त्याला मोठा निधी लागत नाही. रंगवलेला कागद, अर्धा भाग झाकणारा पुठ्ठा, खिडकी आणि नोंदवही एवढे पुरते.

म्हणून परिसंवाद भरवणाऱ्या विद्यापीठांना आमचे सांगणे आहे. वक्त्यांना आपापल्या विषयाचे गुणगान करायला बोलावू नका. रसायनाच्या प्राध्यापकाला एका खऱ्या चित्रासमोर उभे करा आणि त्यातला रंग, बंधक, लेप यांबद्दल बोलते करा. चित्रकाराला त्याचे अडलेले प्रश्न घेऊन येऊ द्या: हा हिरवा काळा का पडला, या लेपाला बुरशी का धरते, पन्नास वर्षांनी हे चित्र कसे दिसेल? श्रोत्यांत दोन्हीकडचे विद्यार्थी असू द्या आणि निघताना त्यांच्या हाती मिळून करायचा एखादा प्रयोग द्या. चित्रकाराचे प्रश्न हे रसायनाच्या संशोधनाचे विषय आहेत, ही जाणीव त्या सभागृहात रुजली तर तो दिवस सत्कारणी लागला.

पण परिसंवादाने दार उघडते, घर उभे राहत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांच्या भिंती ओलांडण्याची मुभा दिली आहे आणि ओपन इलेक्टिव्हची सोय आता पदवीच्या वर्गांत आली आहे. ती वापरून रसायन विभागांनी ‘चित्रकाराची सामग्री’ असा विषय सुरू करावा आणि कलाशाळांनी आपल्या मुलांना तो घेऊ द्यावा. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेतल्या आणि संग्रहालयांच्या जतन केंद्रांतल्या अनुभवी मंडळींना अभ्यागत प्राध्यापक म्हणून बोलवावे. आणि सर्वांत निकडीचे, राज्य सरकारने प्रत्येक मोठ्या कलाशाळेत रसायनाच्या अध्यापकाचे एक कायम पद मंजूर करावे. लंडनच्या कलाशिक्षणाला जे दीडशे वर्षांपूर्वी गरजेचे वाटले, ते अजिंठा-वेरूळ ज्यांच्या अंगणात आहेत त्यांना चैनीचे वाटता कामा नये. पुढच्या २८ फेब्रुवारीपूर्वी राज्यातल्या एका तरी कलाशाळेने ही सुरुवात करावी. रामन यांच्या स्मृतीला त्याहून उचित अभिवादन दुसरे नाही.