बीएलओंना वाऱ्यावर सोडू नका

मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणात (एसआयआर) राबणाऱ्या बीएलओंच्या, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांच्या, मदतीला जादा माणसे द्या, आजारपण किंवा घरची अडचण असेल तर त्यांना कामातून मोकळे करा, हे राज्य सरकारांना सर्वोच्च न्यायालयाने 4 डिसेंबर 2025 रोजी बजावले. ही वेळ यायलाच नको होती. केरळ, राजस्थान, गुजरात, पश्चिम बंगालमधून बीएलओंच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या, कामाचा ताण असह्य झाला होता असे घरचे लोक सांगत होते आणि उत्तर प्रदेशात प्रशासन बीएलओंवरच गुन्हे दाखल करत होते. कामात कसूर केल्यास तीन महिने ते दोन वर्षे कैद, हे 1950च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातले कलम 32 अंगणवाडी सेविकांवर आणि शिक्षकांवर उगारले गेले. वर्षाला 6 हजारांचे मानधन निवडणूक आयोगाने 2025मध्ये 12 हजार केले, ते तुरुंगाची भीती दाखवण्यासाठी नव्हे.

बीएलओंना येणाऱ्या धमक्यांचीही न्यायालयाने नंतर गंभीर दखल घेतली. पण त्यामागच्या एका गोष्टीबद्दल कोणी बोलतच नाही. एसआयआरचा अर्ज हातात घेऊन पाहा. त्यावर बीएलओचे नाव आणि मोबाइल नंबर छापलेला आहे. बहुतेकांचा तो स्वतःचा, घरचा नंबर. मुलांच्या शाळेचा निरोप, सासूबाईंच्या डॉक्टरांचा फोन त्याच नंबरवर येतो. आता रात्री अकरा वाजता त्याच नंबरवर अनोळखी माणूस विचारतो, 'माझं नाव का उडवलंत?' नाव ठेवणे वा वगळणे हा निर्णय नोंदणी अधिकाऱ्याचा, शिव्या मात्र बीएलओला. तो नंबर गावातल्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरतो, पक्षांच्या कार्यकर्त्यांकडे जातो. बीएलओ असलेली बाई फोन बंद ठेवू शकत नाही, कारण तहसील कार्यालयाचा आदेशही त्यावरच येतो. शिवाय एकेका घरी तीन-तीन फेऱ्या एकटीने मारायच्या. सोबत पोलीस नाही, होमगार्डही नाही.

मतदाराला बीएलओ सापडला पाहिजे, हे खरे. त्यासाठी सरकारी सिमकार्ड पुरेसे होते. 12 राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या सुमारे 51 कोटी मतदारांची मोहीम आखणाऱ्या आयोगाला पाच लाखांवर सिमकार्डे जड नव्हती. बाईचा खासगी नंबर घरोघर वाटण्याआधी तिची परवानगी घ्यावी, एवढेही कोणाला सुचले नाही. निवडणुकीचे काम राष्ट्रीय कर्तव्य म्हणून सक्तीचे करता, तर त्या माणसाची सुरक्षितता ही सक्ती करणाऱ्याचीच जबाबदारी आहे. 2024च्या लोकसभा निवडणुकीच्या शेवटच्या टप्प्यात उत्तर प्रदेशात उष्माघाताने मतदान कर्मचारी दगावले. त्यानंतर भरपाई जाहीर झाली. प्रत्येक वेळी माणूस गेल्यावरच यंत्रणा हलते.

गोव्यात ही मोहीम 2025मध्ये सुरू झाली, महाराष्ट्राची पाळी त्यानंतरची. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका पोषण ट्रॅकर अॅपवरच्या नोंदींपासून सर्वेक्षणांपर्यंत आधीच दबलेल्या आहेत. त्यांच्या हाती अर्जांचे गठ्ठे देण्याआधी स्वतंत्र नंबर, जोडीदार आणि अंधार पडल्यावर घरोघर न फिरण्याचा लेखी आदेश हवा. धमकी आली, तर तक्रार बीएलओने नव्हे, जिल्हाधिकाऱ्यांनी नोंदवावी. वाटून झालेले अर्ज परत गोळा करता येणार नाहीत. ज्यांचे नंबर असे चव्हाट्यावर आले, त्यांना नवा नंबर घेण्याचा खर्च तरी आयोगाने द्यावा आणि आपल्या संकेतस्थळावरचे जुने नंबर आजच काढावेत.