‘ओआरएस’चे मर्म नावात नाही, प्रमाणात

खारघरमधील मोकळ्या मैदानावर १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळा झाला. लाखोंचा समुदाय भर उन्हात तासन्‌तास बसून होता. उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. उन्हाळा आला की ‘भरपूर पाणी प्या’ असे सगळेच सांगतात. पण घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते आणि नवी मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नसल्याने अंग थंड न होता तो नुसताच गळत राहतो. हे पाणी आणि मीठ भरून कसे काढायचे, याचे उत्तर पेशीपटलात आहे.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचा दुपदरी पडदा असतो. तो मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असतो. प्राणवायू त्यातून सहज आरपार जातो. मीठ आणि साखर मात्र जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी पडद्यात प्रथिनांची दारे असतात. आतड्याच्या पेशींतील असे एक दार सोडियम आणि ग्लुकोजला जोडीनेच आत घेते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही यंत्रणा मांडली. ही जोडी आत गेली की परासरणाने पाणी तिच्यामागे जाते. जुलाबातही हे दार बहुधा शाबूत असते. बांगलादेश युद्धाच्या वेळी, १९७१ मध्ये, डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले, ते याच आधारावर.

म्हणून जलसंजीवनीत प्रमाणाला महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते. शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. साखर फार वाढली तर परासरण उलटते: पाणी शरीरात जाण्याऐवजी आतड्याच्या पोकळीत ओढले जाते आणि जुलाब वाढतात. नेहमीच्या शीतपेयात लिटरला साधारण शंभर ग्रॅम साखर असते.

तरीही गोड पेयांच्या खोक्यांवर ‘ओआरएस’ हे शब्द मिरवत होते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला. अखेर अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ही सवलत काढून घेतली. निर्णय योग्यच आहे, पण आदेशाचे बळ अंमलबजावणीत असते. जुलाबाने मलूल झालेल्या बाळासाठी आई दुकानात ‘ओआरएस’ मागते, तेव्हा तिच्या हाती काय पडते, ही खरी कसोटी.

ग्राहकाने पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहावा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते. चमचा चहाचाच हवा.

जलसंजीवनीलाही मर्यादा आहेत. शरीराचे तापमान चाळीस अंशांपुढे गेले की पेशीपटल आणि प्रथिनेच बिघडू लागतात. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर त्याच्या तोंडात काहीही ओतू नये. सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि एप्रिल-मेमध्ये मोठे सोहळे उघड्या मैदानात दुपारी ठेवू नयेत. सावलीची उणीव कोणतेही पाकीट भरून काढू शकत नाही.