बाटलीवर द्राक्षं, बाटलीत मळी



नीरा डाव्या कालव्यामुळे बारामती-इंदापूर उसाचे झाले. पण इंदापुरातल्या बोरीसारख्या गावांनी द्राक्षबागाही जगवल्या. अवकाळी पाऊस आला की घडातले मणी तडकतात. मग तो माल निर्यातीला जात नाही, व्यापारी बागेकडे फिरकत नाही. माल कुजलेला नसतो, फक्त दिसायला वाईट असतो. तरी बागाईतदार तो मातीमोल भावाने देतो नाहीतर बांधावर ओततो.

आता ब्रँडीची बाटली पाहा. ब्रँडी म्हणजे मुळात द्राक्षाचा रस आंबवून गाळलेली दारू. तिला घडाचा देखणेपणा लागत नाही, रसातली साखर लागते. पण आपल्या देशात ब्रँडी म्हणून जे विकले जाते ते बहुतेक उसाच्या मळीच्या मद्यार्कातून होते. 2018 च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे मिश्र ब्रँडीत अस्सल द्राक्ष ब्रँडी किमान 2 टक्के असली की झाले! नाव द्राक्षाचे, पैसा मळीवाल्याचा.

द्राक्षवाल्याने स्वत: गाळायचे ठरवले तर? 1949 चा दारूबंदी कायदा आडवा येतो. परवान्याशिवाय गाळणे गुन्हा, आणि परवाना परवडतो तो कारखानदाराला. 2001 साली सरकारने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले, पुढे बारामतीजवळ रोटी गावी वाईनचा कारखाना उभा राहिला. तिथेही शेतकरी माल घालणारा, पक्का माल विकणारा दुसराच.

कोरडवाहू शेतकरी म्हणेल, आम्हाला या बागाईतदारांचे काय? गड्या, तुझीही गोष्ट हीच आहे. पावसात ज्वारी काळी पडली की तिला कोण विचारतो? 2007 साली सरकारने धान्यापासून मद्यार्क करायला लिटरमागे अनुदान देऊ केले. ते कारखान्याला, ज्वारी पिकवणाऱ्याला नव्हे. कापूस एकाधिकार होता तेव्हा स्वत:च्या घामाचा कापूस राज्याच्या सीमेपार नेला तर गाडी अडवली जाई. पिकव म्हणतात, प्रक्रिया करू नको म्हणतात.

गोव्यात काजूची बोंडे गाळणाऱ्या लहान भट्ट्या परवाना घेऊन गावोगाव चालतात. 2009 साली तिथल्या काजू फेणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. जॉर्जिया देशात द्राक्ष पिळून उरलेल्या चोथ्याची 'चाचा' शेतकरी घरी गाळतो. तिथे कोणी त्याला गुन्हेगार म्हणत नाही.

मायबहिणी म्हणतील, "दारूने घरं बसली, आणखी भट्ट्या कशाला?" त्यांचा राग खरा आहे. नवऱ्याची मजुरी दुकानात गेली की चूल कशी पेटते ते त्यांनाच ठाऊक. म्हणून स्पष्ट सांगतो. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद झालेच पाहिजे. त्या हक्काला धक्का लावणारी सवलत आम्हाला नको. पण आज गावातली देशी दारू मळीचीच आहे. आमच्या भट्टीला बंदी घालून ती एका थेंबानेही कमी झालेली नाही.

मागणी दोनच. बाटलीवर द्राक्ष असेल तर आत द्राक्षच असावे. मळी असेल तर ठळक अक्षरात मळी लिहावे. आणि बागाईतदारांच्या गटाला लहान भट्टीचा परवाना परवडेल अशा फीत मिळावा, विक्री मात्र परवान्याच्या दुकानातूनच.

जिल्हा बैठकीत या दोन मागण्या मांडा. महिलांना आधी बोलू द्या.