पावसाचं पाणी खरंच ‘शुद्ध’ असतं का?

‘पावसाचे पाणी सर्वांत शुद्ध’ हे वाक्य आपण मुलांना सहज सांगून टाकतो. माझ्या मते ते अर्धंच खरं आहे.

हवेतला कार्बन डायऑक्साइड थेंबात विरघळून कार्बोनिक आम्ल तयार होतं. त्यामुळे स्वच्छ हवेतल्या पावसाचा सामूही 7 नसतो, साधारण 5.6 असतो. कोळसा आणि डिझेलच्या धुरातले सल्फर व नायट्रोजनचे ऑक्साइड मिसळले, की सल्फ्युरिक व नायट्रिक आम्ल बनून तो आणखी उतरतो. सामू 4.6 म्हणजे आम्लता दहापट!

मग आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पाऊस तेवढा आम्लधर्मी का नसतो? कारण धुळीतलं कॅल्शियम कार्बोनेट आम्लाला उदासीन करतं. म्हणजे सामू 7 आला, तरी हवा स्वच्छ असेलच असं नाही. धूर आणि धूळ दोन्ही असू शकतात.

यंदा मुलांना पहिल्या सरीचं आणि तासाभरानंतरचं पाणी दोन बरण्यांत धरू द्या. छपरावरचं नको, उघड्यावरचं. रात्रभर ठेवून तळाचा गाळ पाहू द्या. जशी हवा, तसा पाऊस, हे मग आपल्याला सांगावं लागणार नाही.