पटातल्या बैलाला छळलं तर पाच लाख, नाच शिकवताना कुत्र्याला मारलं तर पन्नास रुपये. कायदा असा का?

भंडारा जिल्ह्यात धान निघालं, शेतं मोकळी झाली की पटाचे दिवस येतात. दिवसा शंकरपट आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक, हा झाडीपट्टीतल्या गावांचा जुना शिरस्ता. पटाच्या बैलाची वर्षभर निगा राखली जाते, त्याला सराव दिला जातो, त्याचं नाव तालुक्याबाहेरही पोहोचतं. प्राण्याला शिकवायचं, तयार करायचं आणि लोकांसमोर स्पर्धेत उतरवायचं, ही कल्पना भंडाऱ्याला नवी नाही.

आता दुसरं चित्र. मोबाईलवर एक रील येतं. एक बाई गाण्यावर पावलं टाकते आहे आणि तिचा कुत्रा तिच्या पायांमधून आठ आकड्यासारखा फिरतोय, गिरकी घेतोय, उलटा चालतोय, शेवटी पुढचे पाय टेकवून नमस्कार केल्यासारखा वाकतोय. खाली हमखास दोन प्रकारच्या कमेंट असतात. ‘किती गोड!’ आणि ‘बिचाऱ्याला किती मारलं असेल!’

या खेळाला ‘कॅनाइन फ्रीस्टाइल’ किंवा ‘डॉग डान्स’ म्हणतात. यातली दुसरी कमेंट खरी की खोटी, हे तो कुत्रा कसा शिकला यावर ठरतं. आणि नेमक्या त्याच ठिकाणी भारतातला कायदा बैलाच्या बाबतीत कडक आहे, कुत्र्याच्या बाबतीत अगदीच पातळ.

हा खेळ आहे तरी काय?

१९९०च्या आसपास कॅनडा, इंग्लंड आणि अमेरिकेत हा प्रकार सुरू झाला. कुत्र्याला मालकाच्या पायाजवळून शिस्तीत चालायला शिकवण्याच्या ज्या आज्ञापालन स्पर्धा होत्या, त्यात कुणीतरी संगीत घातलं. इंग्लंडमध्ये मेरी रे या प्रशिक्षक बाईंनी तो लोकप्रिय केला. २००५ पासून ‘क्रफ्ट्स’ या जगप्रसिद्ध डॉग शोमध्ये त्याची रीतसर स्पर्धा होते.

त्याचे दोन प्रकार आहेत. एकात कुत्र्याने बहुतांश वेळ माणसाच्या अगदी लगत, डावीकडे, उजवीकडे, पुढे किंवा मागे राहून तालात चालायचं असतं. दुसऱ्यात मोकळीक जास्त: गिरक्या, उड्या, लांबून केलेल्या हालचाली. ब्रिटिश पद्धतीत परीक्षक तीन गोष्टींना गुण देतात: हालचालींची रचना, त्यातली अचूकता आणि संगीताशी जुळणी. रिंगणात कुत्र्याच्या गळ्यात साखळी नसते, माणसाच्या हातात खाऊही नसतो.

घराघरात हा खेळ पोहोचला तो २०१२ मध्ये. ॲशली बटलर ही किशोरवयीन मुलगी आणि तिचा कुत्रा पुडसी यांनी ‘ब्रिटन्स गॉट टॅलेंट’ जिंकलं. बक्षीस होतं पाच लाख पौंड. पुडसी कुठल्याही एका शुद्ध जातीचा नव्हता, मिश्र जातीचा होता. आपल्याकडे ‘डॉग शो’ म्हटलं की वंशावळीचा कागद आणि महागडं पिल्लू डोळ्यांसमोर येतं. या खेळात त्याची गरज नाही. साकोलीच्या एखाद्या अंगणातला गावठी कुत्राही यात चालतो. गावठी कुत्रा चपळ, हलका आणि उन्हाला सरावलेला, म्हणजे या खेळाला उलट सोयीचाच.

तीनच वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याच कार्यक्रमात मतीस नावाच्या कुत्र्यासोबतची जोडी जिंकली आणि मग कळलं की दोरीवरून चालण्याची करामत मतीसने केलीच नव्हती. ती दुसऱ्या कुत्र्याने केली होती. प्रेक्षकांची दिशाभूल झाली, असा ठपका ब्रिटनच्या प्रसारण नियामकाने ठेवला. गंमत अशी की कुत्र्यांची त्यात काहीच चूक नव्हती. ‘वाहवा’ मिळवण्याची घाई माणसांची असते.

मारून नाचवता येतं का?

येतं. नाचणारी अस्वलं आणि मदाऱ्याची माकडं भारताने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. अस्वलाच्या नाकातून दोरी ओवलेली असायची. तो ‘नाच’ म्हणजे दोरीच्या वेदनेपासून सुटायची धडपड होती.

स्पर्धेतला डॉग डान्स मात्र वेगळ्या पायावर उभा आहे. ही पद्धत पाण्यातून आली, असं म्हटलं तरी चालेल. समुद्रात पोहणाऱ्या डॉल्फिनला साखळी लावता येत नाही की छडी मारता येत नाही. त्यामुळे त्यांच्या प्रशिक्षकांना बक्षिसावरच भागवावं लागलं. हवाईमध्ये डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकातून तीच पद्धत कुत्रा पाळणाऱ्यांपर्यंत नेली.

पद्धत सोपी आहे, फक्त धीर लागतो. समजा कुत्र्याला गिरकी शिकवायची आहे. हातात खाऊचा तुकडा धरून तो त्याच्या नाकासमोरून गोल फिरवायचा. कुत्रा नाकामागे वळतो. वर्तुळ पूर्ण झालं त्याच क्षणी ‘टक्’ असा आवाज करणारं छोटं यंत्र वाजवायचं किंवा ठरलेला एक शब्द म्हणायचा, आणि खाऊ द्यायचा. तो आवाज कुत्र्याला सांगतो: आत्ता जे केलंस ते बरोबर. काही दिवसांनी हातातला खाऊ जातो, फक्त हाताची खूण उरते. मग खूणही बारीक होत जाते आणि प्रेक्षकांना ती नाचातली हालचाल वाटते. एका वेळी तीन-चार मिनिटं, दिवसातून दोनतीनदा. त्याहून जास्त केलं तर कुत्रा कंटाळतो आणि चुका वाढतात.

संगीत सगळ्यात शेवटी येतं. कुत्रा ठेका धरत नाही. माणूस कुत्र्याची चाल बघून तिला साजेसं गाणं निवडतो आणि ताल सांभाळायचं काम स्वतः करतो.

मारून शिकवलेला कुत्रा ओळखूही येतो. शेपूट पायात, कान मागे, सतत ओठ चाटणं, मालकाचा हात वर गेला की दबणं. रील बघताना गाण्याचा आवाज बंद करून फक्त कुत्र्याकडे पाहिलं तर बरंच काही कळतं. मागच्या दोन पायांवर बराच वेळ चालणारा कुत्रा सगळ्यात जास्त लाइक मिळवतो, पण त्या चालीने त्याच्या कंबरेवर आणि खुब्यावर ताण येतो. लॅब्राडोरसारख्या खुब्याच्या दुखण्याकडे झुकणाऱ्या जड जातीला आणि वाढत्या पिल्लाला तर ती नकोच.

१९९१ चे ते पाच महिने

भारतात एकदा कुत्र्याच्या अशा प्रशिक्षणावर थेट बंदी आली होती, हे फारसं कुणाला आठवत नाही. २ मार्च १९९१ रोजी केंद्र सरकारने पाच प्राण्यांचे खेळ करायला आणि त्यासाठी त्यांना शिकवायला मनाई केली: अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि कुत्रा. सर्कसवाले दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ७ ऑगस्ट १९९१ रोजी शुद्धिपत्रक निघालं आणि यादीतून कुत्रा वगळला गेला. १९९८ मध्ये नव्याने यादी निघाली तेव्हा सिंह आला, कुत्रा आला नाही. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी वैध ठरवली. २०११ मध्ये त्याच यादीत बैल घातला गेला आणि शंकरपटाचा न्यायालयीन वनवास तिथून वाढत गेला.

म्हणजे यादीतून कुत्रा बाहेर पडला आणि वीस वर्षांनी बैल आत आला. पुढचा प्रवास मात्र उलटा झाला.

बैलाचा कायदा, कुत्र्याचा कायदा

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. तिच्यात ‘बैलगाडा शर्यत’, ‘छकडी’ आणि ‘शंकरपट’ ही नावं चक्क लिहिलेली आहेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीची अट आली. नियम मोडला तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा कायदा कायम ठेवला.

नियम कागदावर किती आणि दाणीवर किती पाळले जातात, हा वाद वेगळा. पण पट भरवणाऱ्याला निदान एक ठरावीक दार ठोठवावं लागतं, आणि ते दार जिल्ह्यातच आहे.

कुत्र्याच्या बाबतीत काय आहे? १९६० चा मूळ कायदा. त्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला मारलं, छळलं तर पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आज पन्नास रुपयांत कुत्र्याच्या बिस्किटाचा मोठा पुडाही येत नाही. प्राण्याला ठार मारलं किंवा अपंग केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागू होतं आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण रोज छडी दाखवून, उपाशी ठेवून नाच शिकवणं त्या पातळीपर्यंत जात नाही, आणि नेमकी तीच गोष्ट बंद दाराआड होते.

तिकीट लावून खेळ केला तर आणखी एक पायरी आहे. २००१ च्या नियमांप्रमाणे करमणुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या प्राण्याची भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. हे मंडळ हरियाणातल्या बल्लभगडला आहे. भंडाऱ्याहून अर्ज तिथे. त्या नियमांतल्या अटी मात्र खरोखर चांगल्या आहेत. शिकवण्यासाठी प्राण्याला अन्नपाण्यावाचून ठेवायचं नाही. आजारी, जखमी किंवा गाभण असताना खेळ करवून घ्यायचा नाही. त्याच्या नैसर्गिक प्रवृत्तीला धरूनच शिकवायचं. जवळपास मुद्दाम अचानक मोठा आवाज करायचा नाही. (डीजेच्या भिंतीसमोर कुत्रा नाचवणाऱ्यांनी हे शेवटचं दोनदा वाचावं.) नोंदणी न करता खेळ केला तर शिक्षा? पाचशे रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

पोलिसांच्या श्वानपथकाची प्रात्यक्षिकं यात येत नाहीत. पोलीस आणि लष्करी कामासाठीच्या प्रशिक्षणाला कायद्यात सूट आहे.

हा फरक पडला कुठून?

बैलाच्या बाजूने शेतकरी होते, गावं होती, सगळे पक्ष होते. शंकरपट सुरू व्हावा म्हणून दबाव आला आणि त्या दबावाच्या बदल्यात अटी आल्या, दंड आला. परवानगी मागायला गेलं की नियमावली हातात पडते. कुत्र्याच्या खेळासाठी कुणी परवानगी मागितली नाही, म्हणून कुणी नियमावलीही लिहिली नाही.

कुत्र्यावर देशात चर्चा होते ती फक्त उपद्रवाची. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत भटक्या कुत्र्यांवर एकामागून एक आदेश झाले: आधी दिल्ली परिसरातून सगळे उचला, मग नसबंदी आणि लस देऊन सोडा, मग शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांतून हटवा. चावा आणि रेबीजची भीती खरी आहे, त्यामुळे ती चर्चा व्हायलाच हवी. पण पाळीव कुत्र्याला माणूस घरात काय शिकवतो आणि कसं शिकवतो, हा प्रश्न त्या गदारोळात कुठेच नसतो.

कुत्रा शिकवणाऱ्या कुणालाही प्रमाणपत्र लागत नाही. ‘पंधरा दिवसांत कुत्रा तयार’ असं सांगणाऱ्याला पद्धत विचारणारं सरकारी कार्यालय नाही. मालकाने विचारलं तरच. आणि विचारायचा प्रश्न एकच असतो: कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता? ‘पुन्हा सोप्या पायरीवर येतो’ असं उत्तर आलं तर ठीक. ‘एकदा धाक बसला की चुकत नाही’ असं आलं तर पिल्लू घेऊन घरी परतावं.

भंडाऱ्यातून स्पर्धेत उतरता येईल?

येईल. काही परदेशी संघटना व्हिडिओवरूनही परीक्षण करतात. ठरलेल्या नियमांनुसार, मध्ये न कापता चित्रीकरण पाठवायचं असतं. त्यासाठी मोठं मैदान लागत नाही. सारवलेलं अंगण किंवा धान काढल्यावरचं खळं पुरतं. गुळगुळीत फरशी मात्र नको, पाय घसरून सांधा दुखावतो.

अडचण हवामानाची आहे. एप्रिल-मे महिन्यांत पूर्व विदर्भात पारा ४४ अंशांच्या वर जातो. कुत्रा माणसासारखा घाम गाळून थंड होत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. उन्हाळ्यात सराव पहाटे किंवा दिवस मावळल्यावरच, जमिनीला तळहात लावून पाहून. आणि नागझिरा, कोका या जंगलांच्या कडेच्या गावांत संध्याकाळचा सराव कुंपणाच्या आत. तिथे बिबट्या कुत्र्याच्या मागावर असतो.

अशा व्हिडिओला तिकीट नसतं, प्रेक्षक आत सोडले जात नाहीत. त्यामुळे १९६० च्या कायद्यात तिकिटाच्या खेळाची जी व्याख्या आहे, तिच्यात तो बसत नाही. त्याला लागू होतं ते फक्त कलम ११, त्या पन्नास रुपयांसकट.