बिनपगारी सत्तावीस वर्षं



दर महिन्याला आमच्या घरात दोन मेसेज येतात. एक माझ्या पगाराचा, दुसरा सासऱ्यांच्या पेन्शनचा. सासरेही शिक्षक होते. महागाई भत्ता वाढला की त्यांची पेन्शनही वाढते. महिनाअखेरीला कमी पडलं, तर आधार त्यांचाच! माझी नेमणूक मात्र 1 नोव्हेंबर 2005 नंतरची. म्हणजे ती जुनी पेन्शन मला नाही.

आमच्या एनपीएसमध्ये मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांच्या 10 टक्के आपले कापले जातात, शासन 14 टक्के घालतं. निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेतल्या किमान 40 टक्क्यांची पेन्शन विकत घ्यावी लागते. ती किती बसेल, हे बाजारावर अवलंबून. म्हणूनच मार्च 2023 मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत आपण संपावर गेलो. मागणी रास्तच आहे. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं का?

वर्गात आपण शेकडेवारी शिकवतो. तेच गणित एकदा घरचं करून बघा. महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर खर्च साधारण 12 वर्षांत दुप्पट होतो. मी 34 वर्षांची. आजचा 30,000 रुपयांचा घरखर्च माझ्या 58 व्या वर्षी 1,20,000 होईल. पुढे 85 पर्यंत जगले तर 27 वर्षं बिनपगारी! हे वहीत मांडलं, त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण गेल्याच वर्षी लेकीच्या क्लासच्या फीसाठी मी माझी आरडी मोडली होती. तेव्हा त्यागाचं समाधान वाटलं. आता वाटतं, चुकलंच. शिक्षणासाठी बँक कर्ज देते, म्हातारपणासाठी कोण देणार? मग तो भार लेकीवरच पडणार ना?

पालकहो, तुमच्यापैकी अनेकांना तर कुठलीच पेन्शन नाही. मुलगा म्हणजे म्हातारपणाची काठी, असं आपण सहज बोलतो. पण त्या काठीलाही तिचा संसार असणार. वय 18 ते 40 असेल आणि आयकर भरत नसाल, तर बँकेत किंवा पोस्टात अटल पेन्शन योजनेची चौकशी करा. साठीनंतर महिना 1,000 ते 5,000 रुपये मिळतात. रक्कम मोठी नाही, पण औषधांसाठी कुणापुढे हात पसरावा लागणार नाही.

मी 2,000 रुपयांची आरडी पुन्हा सुरू केलीय. लेकीलाही सांगितलंय, ही मोडायची नाही.

तुमचं गणित तुम्ही कधी मांडताय?